फायनाइट एलिमेंटमधला 'फायनाइट': सांत की परिमित?

अक्षरवेल: अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. फायनाइट एलिमेंट मेथडला (एफईएम: वस्तूचे लहान तुकडे कल्पून ती भाराखाली किती सरकते, ताणली जाते ते काढायची गणिती रीत) 'सांत घटक पद्धती' म्हटलं. शाळेपासून 'सांत संच' ऐकत आलोय ना. तपासणाऱ्यांनी 'सांत' खोडून 'परिमित' केलं, कारण दिलं नाही. तुम्ही काय लिहाल?

तुळई: परिमितच. कलनात (कॅल्क्युलसमध्ये) तुकडा शून्याकडे नेतो, इथे नेत नाही. त्याला खरीखुरी लांबी-रुंदी असते. म्हणजे हा शब्द 'अनंत'च्या नव्हे, 'अनंतसूक्ष्म'च्या विरुद्ध उभा आहे. परिमितात 'मा' धातू आहे, मोजणं. अभियंते रे क्लफनी १९६० च्या शोधनिबंधात हे नाव वापरलं, तेव्हा त्यांच्यापुढे असे मोजता येणारे तुकडेच होते.

शून्यान्त: आणि अज्ञातं? सलग पत्र्यात बिंदू अनंत, तितकीच विस्थापनं, म्हणजे बिंदूंचं सरकणं. साधा त्रिकोण घेतला की तीन कोपरे, प्रत्येकी दोन विस्थापनं, एकूण सहा. आतल्या बिंदूंचं विस्थापन या सहांवरून ठरतं. अनंताचं सांत होणं हाच पद्धतीचा प्राण. सांत सोडू नका.

रेवा: कामावर दोन्ही ऐकले नाहीत. आम्ही एफईएम म्हणतो. माझ्या पहिल्या कामात पट्टीला गोल भोक होतं. रुंद पट्टी ओढली की भोकाच्या कडेला प्रतिबल (स्ट्रेस) सरासरीच्या तिप्पट व्हायला हवं. माझं उत्तर बरंच खाली. तीन कोपऱ्यांच्या त्रिकोणात प्रतिबल सगळीकडे एकच धरलं जातं, त्यामुळे मोठ्या त्रिकोणात कडेचा उंचवटा बुडतो. वरिष्ठ म्हणाले, "भोकापाशी जाळी बारीक कर." लगेच कळलं, तिथले त्रिकोण लहान करायचे. 'सूक्ष्मतर विभाजन' म्हणाले असते तर विचारत बसले असते.

शून्यान्त: 'जाळी' मराठीच आहे. मराठी शब्द नकोत असं यातून कुठे निघतं?

अक्षरवेल: मग नोडला, म्हणजे कोपऱ्यांसारख्या ज्या बिंदूंची विस्थापनं काढतो त्यांना, काय? मी 'निस्पंद' लिहिलंय.

तुळई: ते आधी काढा! निस्पंद हा तरंगांतला शब्द: जिथे हालचाल शून्य तो बिंदू. इथे नोडची हालचाल हेच तर आपलं अज्ञात. अर्थ नेमका उलटा होतो.

रेवा: गाठ म्हणा. जाळीला गाठी असतातच.

शून्यान्त: सहा नोडच्या त्रिकोणात तीन नोड बाजूंच्या मध्यावर असतात. तिथे धागे कुठे एकमेकांना छेदतात? गाठ कशी म्हणणार?

रेवा: सरळ दोरीलाही मध्ये गाठ मारतातच की.

तुळई: मला तर 'घटक'ही खटकतो. पुलाचा घटक म्हटलं की तुळई, खांब डोळ्यांपुढे येतात. एका तुळईचेच शंभर तुकडे केले तर त्यांना काय म्हणायचं? हिंदीत 'अवयव' लिहितात, ते बरं वाटतं.

शून्यान्त: मराठीत अवयव बहुपदीचे पाडतात. एकाच पुस्तकात दोन्ही आले तर मुलांनी काय समजायचं?