कातेरीना वालेंते: एका बाईला इतक्या भाषा येत होत्या की नुसतं पाठांतर?

गुणगुणती

रील्सवर 'बोंगो चा चा चा' नावाचं गाणं मध्यंतरी सारखं वाजायचं, आठवतंय? समुद्रकिनारा दिसला की लाव ते गाणं. मला वाटलं, कुणा नव्या पोरीनं मुद्दाम जुन्या ढंगात म्हटलंय. शोधलं तर निघालं 1959 चं! गायिका कातेरीना वालेंते. इटालियन बाई असणार असं धरून पुढे ऐकत गेले, तर तीच बाई फ्रेंचमध्ये, मग जर्मनमध्ये, मग स्पॅनिशमध्ये, आणि काल रात्री साडेबाराला चक्क जपानीत सापडली. झोपेचं खोबरं.

आता माझी अडचण अशी. आमच्या क्लासच्या बाईंचा नियमच आहे, शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मग ही बाई काय करत होती? तिला या सगळ्या भाषा येत होत्या, की नुसतं घोकून म्हणायची? मुळात ती कुठली? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू? गाण्यांचा नुसता डोंगर आहे.

मधला_सा

पाठांतर. शब्द आपल्या लिपीत लिहून घ्यायचे, उच्चार तपासायला एक माणूस समोर बसवायचा, दोन तासांत काम फत्ते. त्या काळात सगळेच करायचे. बीटल्सनी जानेवारी 1964 मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत आपली दोन गाणी जर्मनमध्ये म्हटली होती. ते झाले का लगेच बहुभाषिक? बाजार होता हो, दुसरं काही नाही.

तबकडी_फिरते

मधला_सा, बाजाराचं तुमचं बरोबर आहे, त्यावर खाली येतोच. पण या बाईला त्या रांगेत उभं करू नका. मला तिच्याबद्दल जरा जास्तच माया आहे. का ते सांगतो, लांबण लागेल.

2009 च्या हिवाळ्यात शिकायला म्हणून स्टुटगार्टला गेलो. एका आजींच्या घरात वरची खोली भाड्यानं मिळाली. वय सत्तरीच्या पुढे, शिस्त घड्याळासारखी, आणि बैठकीच्या खोलीत 45 आरपीएमच्या छोट्या तबकड्यांचे दोन खोके. दर रविवारी दुपारी कॉफीच्या वेळी त्यातली एक लागायची आणि मला खाली बोलावणं यायचं. माझं जर्मन तेव्हा कागदावर पास झालेलं, तोंडात मात्र नापास. विशेषतः तो दोन टिंबांचा 'ऊ'. ओठ 'ऊ' म्हणायला गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं, हे पुस्तकात वाचून जमत नाही. आजी तबकडीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ही बाई बघा, पॅरिसला जन्मलेली, आईबाप इटालियन. हिला जमतं, तुम्हाला का नाही?" (जर्मनमधलं 'तुम्ही' बरं का. दोन वर्षांत आम्ही एकमेकांना कधी 'तू' म्हटलं नाही.) त्या तिला नावानं हाक मारल्यासारखं 'काथ्रिन' म्हणायच्या. 1957 पासून काही वर्षं तिचा टीव्हीवर 'बोंसुआर, काथ्रिन' नावाचा कार्यक्रम व्हायचा, स्टुटगार्टच्याच प्रसारण केंद्राचा. आजींच्या वडिलांनी टीव्ही आणला तो त्याच सुमारास, त्यामुळे त्यांच्या लेखी ती घरातलीच.

तर ती कुठली? जन्म 14 जानेवारी 1931, पॅरिस. बाप जुझेप्पे अकॉर्डियन वाजवणारा. आई मारिया संगीत-विदूषक, म्हणजे वेगवेगळी वाद्यं वाजवत विदूषकी करणारी, आणि त्या धंद्यात मोठं नाव असलेली. अख्खं कुटुंब सर्कस आणि व्हरायटी शोवाल्यांचं. पोरगी पाचव्या वर्षी रंगमंचावर उभी राहिली. या लोकांचं घर म्हणजे आज एक गाव, पुढच्या महिन्यात दुसरा देश. युद्धाची काही वर्षं जर्मनीत गेली, युद्ध संपल्यावर परत पॅरिस. घरात इटालियन, गल्लीत फ्रेंच, तंबूत ज्याची त्याची भाषा. 1952 मध्ये लग्न केलं तेही एका जर्मन जगलरशी. तोच पुढे तिचा मॅनेजर झाला. ग्रॉक हा त्या काळचा फार मोठा स्विस विदूषक. त्याच्या सर्कशीतही तिनं काम केलंय. एवढं सांगण्याचं कारण, अशा घरात भाषा कुणी 'शिकत' नाही. दोरीवर चालणं जसं पायात येतं तशी ती तोंडात येते, कारण नाही आली तर संध्याकाळचा प्रेक्षक हसत नाही. सहा भाषा ती सफाईनं बोलायची. गाणी रेकॉर्ड केली ती डझनभर भाषांत. तेव्हा गुणगुणती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही'. अर्ध्या भाषा तिच्या घरच्या होत्या, उरलेल्या मधला_सा म्हणतात तशा पाठ केलेल्या. पण पाठ करणारा कान सर्कशीत तयार झालेला.

आता बाजार. पन्नाशीच्या दशकात युरोपात इंग्रजी गाण्यांचं आजच्यासारखं राज्य नव्हतं. जर्मन माणसाला गाणं जर्मनमध्ये हवं, फ्रेंच माणसाला फ्रेंचमध्ये. त्यामुळे एक चाल चालली की कंपन्या तिचे प्रत्येक देशासाठी वेगळे शब्द लिहून घ्यायच्या. भाषांतर नव्हे हं, नवे शब्द. अमेरिकन संगीतकार कोल पोर्टरचं 'आय लव्ह पॅरिस' तिनं 1954 मध्ये जर्मनमध्ये म्हटलं, तिथे त्याचं 'सारं पॅरिस प्रेमाची स्वप्नं पाहतंय' झालं. मूळ गाण्यात बाई सांगते की मला पॅरिस आवडतं, इथे अख्खं शहरच झोपेत हसतंय! ते गाणं जर्मनीत तुफान चाललं. युद्धाला नऊ वर्षं झालेली, शहरं अजून पुरती उभी राहिलेली नाहीत. पॅरिस, नेपल्स, होनोलुलू हे शब्द नुसते कानावर पडले तरी माणसं खूश. आजी एकदा म्हणाल्या, आमच्याकडे प्रवासाचे पैसे नव्हते, म्हणून आम्ही तबकडी घ्यायचो.

त्याच वर्षी तिनं क्यूबाचा संगीतकार एर्नेस्तो लेकुओना याच्या स्पॅनिश ढंगातल्या दोन रचना वेर्नर म्युलरच्या वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्ड केल्या. त्यातली 'द ब्रीझ अँड आय' 1955 मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडातही पहिल्या दहात गेली. जर्मनीत रेकॉर्ड झालेला आवाज तेव्हा अमेरिकेत एवढा वर जाणं ही सोपी गोष्ट नव्हती. आणि दुसरी, 'मालागेन्या', ऐकाल तेव्हा शब्दांकडे लक्षच देऊ नका. ती आवाज शिट्टीसारखा वर नेते आणि तिथून घसरगुंडीनं खाली आणते, ते ऐका. तिच्यासाठी भाषा ही वाद्यावरची एक पट्टी होती, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

मधला_सा

लेख मस्त, पण जरा जास्तच गोड वाटतोय. तुमचं वाचून मीही अर्धा तास ऐकलं. 'टिपिटिपिटिप्सो' नावाचं एक गाणं लागलं. अहो, काय ते! मेक्सिको, मारामारी, आणि वर टिपटिपटिप. हे जर थोर असेल तर माझे कान बदलायला हवेत. शिवाय खोट्या नावानंही गायलीय म्हणे?

तबकडी_फिरते

कान बदलू नका, ते गाणं फालतूच आहे. आजींना फार आवडायचं, म्हणून मी कॉफीत लक्ष घालायचो.

खोट्या नावाचं खरं आहे. 1960 मध्ये बिकिनीवरचं ते प्रसिद्ध गाणं तिनं आणि तिचा भाऊ सिल्व्हियो फ्रांचेस्को यानं जर्मनमध्ये म्हटलं, आणि तबकडीवर नाव छापलं 'क्लब होनोलुलू'. जर्मनीत पहिल्या नंबरवर गेलं ते.

पण इथेच तिचं दुखणं आहे. जर्मनीनं तिला टिपटिपवाली करून ठेवलं. ती मुळात जॅझमधली. 1953 मध्ये बाडेन-बाडेनच्या रेडिओवरच्या कुर्ट एडेलहागेनच्या बँडमध्ये गायला लागली आणि तो बँड म्हणजे तालमीचा आखाडा. वाद्यांच्या रांगेत उभं राहून त्यांच्याइतकंच नेमकं गायचं, एक मात्रा इकडची तिकडे नाही. 1956 मध्ये अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक चेट बेकर युरोपात होता, तेव्हाचं त्यांचं एकत्र रेकॉर्डिंग आहे. तिचा आवाज आणि त्याचा ट्रम्पेट. दोघंही ओरडत नाहीत, बाजूबाजूनं चालतात. ते ऐका आणि मग मला गोड म्हणा. 1986 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तिनं अमेरिकन जॅझमधलं बडं नाव असलेल्या काउंट बेसीच्या वाद्यवृंदाबरोबर अल्बम केला. बेसी तेव्हा वारलेला होता, वाद्यवृंद थॅड जोन्सच्या हाताखाली होता. असले लोक टिपटिपवालीसाठी स्टुडिओ अडवत नाहीत.

अमेरिकेत तर तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं गेलं. 1964-65 मध्ये सीबीएस या टीव्ही वाहिनीवर 'द एंटरटेनर्स' नावाचा कार्यक्रम होता, कॅरल बर्नेट आणि बॉब न्यूहार्ट हे विनोदी कलाकार आणि ही असे तीन चेहरे. गायक-नट डीन मार्टिनच्या टीव्ही कार्यक्रमात ती स्वतः गिटार घेऊन 'वन नोट सांबा' म्हणते, तो व्हिडिओ सहज मिळेल. एका सुरावर लटकलेलं गाणं, डावा हात पडदे बदलतोय, उजवा ब्राझिली लय सोडत नाही, तोंड तिसरंच काहीतरी करतंय, आणि चेहऱ्यावर भाव असा की 'यात काय विशेष?' हा विदूषकाच्या लेकीचा चेहरा. कष्ट दिसले की खेळ फसला, हे तिला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.

नियमानुसार

आत डोकावलो, एक भर घालतो. हे 'प्रत्येक देशाला वेगळे शब्द' प्रकरण सत्तरीपर्यंत चांगलं जोरात होतं. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत 1966 ते 1972 या काळात स्वतःच्या देशाच्या भाषेतच गायचं बंधन होतं. ग्रीक वंशाची, जर्मनीत वाढलेली विकी लेआंद्रोस 1972 ची स्पर्धा जिंकली ती लक्झेंबर्गकडून, फ्रेंच गाणं गाऊन! मग तेच गाणं तिनं जर्मन, इंग्रजी आणि आणखी कितीतरी भाषांत म्हटलं. पुढच्याच वर्षी बंधन सैल झालं आणि 1974 मध्ये आब्बा हे स्वीडिश लोक इंग्रजीत गाऊन जिंकले. 1977 ला बंधन परत आलं, 1999 ला पुन्हा गेलं. त्यानंतर बरेच जण इंग्रजीत गायला लागले. कातेरीनाबाईंचा धंदा आज उभा राहिला नसता.

गुणगुणती

बाप रे, मी एक रील बघितलं होतं फक्त! खूप आभार सगळ्यांचे. जपानीचं राहिलं पण. आणि यादी?

तबकडी_फिरते

जपानीची गंमत राहिलीच. बेथोवेनचं 'फ्यूर एलिझे', पियानो शिकणारं प्रत्येक पोर बडवतं ते, त्या चालीवर 1959 मध्ये तिनं एक फ्रेंच गाणं म्हटलं. ते जपानात पोचलं आणि 'द पीनट्स' या जुळ्या बहिणींनी त्याचं जपानी केलं. म्हणजे मूळ जर्मन सूर, गाणारी पॅरिसची इटालियन, आणि लोकप्रिय टोकियोत. तिनं स्वतःही जपानीत म्हटलंय. जपानी तिला बोलता येत नसणार, असं मी धरून चालतो. पण जपानी भाषेत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन असतं, जर्मनसारखा धक्का नसतो, हे तिच्या कानानं पकडलंय. तिनं धक्के काढून टाकलेत. तुमच्या बाईंना हे ऐकवा. अर्थ कळणं एक, आणि भाषेचं वजन कळणं दुसरं. बाईंना पटेल असं नाही.

यादी म्हणाल तर माझ्या क्रमानं: आधी 'मालागेन्या'. मग डीन मार्टिनबरोबरचा तो व्हिडिओ, तो ऐकायचा नाही, बघायचा. मग चेट बेकर, रात्री, दिवे घालवून. 'सारं पॅरिस' त्यानंतर, कारण आता तुम्हाला कळेल की ती मुद्दाम किती कमी करतेय. सगळ्यात शेवटी 2001 चा 'गर्लटॉक', कॅथरीन मिशेलच्या हार्पबरोबर. सत्तर वर्षांचा आवाज आहे, वरचे सूर पूर्वीसारखे नाहीत आणि तिला त्याची फिकीरही नाही.

टिपटिप ऐकलं नाहीत तरी चालेल.

ती गेली 9 सप्टेंबर 2024 ला, स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत, 93 व्या वर्षी. शेवटची बरीच वर्षं लोकांसमोर येणं तिनं सोडलं होतं. बातमी वाचल्यावर मी आजींच्या मुलीला मेल केली. आजी त्याआधीच गेल्या होत्या, मला माहीत नव्हतं. मुलीनं लिहिलं, खोके अजून आहेत, प्लेअरचा पट्टा तुटलाय, तुम्हाला हवे असतील तर घेऊन जा.

मधला_सा

चेट बेकर ऐकलं. दोनदा. गोड हा शब्द मागे घेतो.

खोके आणलेत का?

तबकडी_फिरते

एक आणलाय. विमानात सतरा किलो भरला. टिपटिप त्यातच निघालं.