सोसायटीच्या परसबागेच्या मातीत शिसे आढळले आहे; भाजीपाल्याचे काय करावे? मदत हवी आहे

नमस्कार. मुलुंडमध्ये लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत काही रहिवाशांनी मिळून मागच्या आवारात भाजीपाल्याची बाग केली आहे. इमारत होण्यापूर्वी या भूखंडावर मोटारदुरुस्तीच्या आणि बॅटरी चार्जिंगच्या शेड होत्या, असे जुने शेजारी सांगतात. त्यातच शेजारचा रस्ता म्हणजे जुना मुंबई-आग्रा मार्ग. २००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद होईपर्यंत कित्येक दशके त्याचा धूर याच मातीवर बसत होता. शिसे कुजत नाही आणि पावसाने सहसा खोल झिरपतही नाही, त्यामुळे ते वरच्या वीतभर थरातच साचून राहते.

नत्र-स्फुरद-पालाशाच्या नेहमीच्या माती परीक्षणात जड धातू कळत नाहीत, म्हणून आम्ही खासगी प्रयोगशाळेत माती आम्लात विरघळवून एकूण धातूंची चाचणी करून घेतली. कुंपणाच्या भिंतीलगतच्या वाफ्यात शिसे किलोमागे ३४० मिलिग्रॅम निघाले, तर मधल्या वाफ्यांत ९० च्या आसपास. कॅडमियम दोन्हीकडे १ पेक्षा कमी आहे आणि मातीचा सामू (पीएच) ६.१ आहे. भिंतीकडचा आकडा मोठा का, हे तेथे खणले की दिसते: मागे कधीतरी रंगकाम करताना खरवडलेल्या तैलरंगाचे निळसर पापुद्रे अजूनही कुदळीबरोबर वर येतात. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (किलोमागे ९० मिलिग्रॅमची) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, आणि हा रंग त्याच्या बराच आधीचा आहे.

आता संस्थेत दोन तट पडले आहेत. काहींना बाग कायमची बंद हवी आहे. काही म्हणतात, रेल्वे रुळांकडेची, नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी आपण बाजारातून आणून खातोच, मग घरच्या भाजीचे एवढे काय? हा दुसरा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही, कारण बाहेर शिसे आहे म्हणून आपल्या ताटातले कमी होत नाही. मात्र आकड्यांचा अर्थ लावताना माझीही अडचण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी मातीसाठीची शिशाची मार्गदर्शक पातळी जानेवारी २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणली. म्हणजे आमचा भिंतीकडचा वाफा जुन्या निकषावर उत्तीर्ण आणि नव्यावर नापास ठरतो.

भिंतीलगतची माती काढून टाकावी की झाकावी, आणि काढली तर ती टाकायची कोठे? मधल्या वाफ्यांत पालक आणि लाल माठ घ्यावा का? मोहरी लावून शिसे शोषून घेता येते, असे एका सदस्याने सुचवले आहे. ते घरगुती पातळीवर शक्य आहे का? शहरी कचऱ्याचे कंपोस्ट फुकट मिळते आहे, ते घालावे का? बागेत लहान मुले खेळतात, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद:

माती परीक्षण हेच माझे काम असल्याने सविस्तर लिहितो. सर्वांत आधी मुलांचा विचार करा. शिसे मुळांतून झाडात फारसे चढत नाही. ते पोटात जाते ते मुख्यतः हाताला आणि पानांना चिकटलेल्या मातीतून. त्यामुळे भिंतीलगतची माती उकरू नका. ती ओली करून दिसतील तेवढे पापुद्रे वेचा, जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे, पण माती अडवणारे कृत्रिम कापड) अंथरा आणि वर फूटभर नवी माती घालून तगर, जास्वंद अशी फुलझाडे लावा. उकरलेली माती डेब्रिजच्या टेम्पोत गेली, तर ती उद्या दुसऱ्या कोणाच्या बागेत भरली जाईल.

मधल्या वाफ्यांत भेंडी, वांगी, टोमॅटो, दुधी खुशाल घ्या. फळांत शिसे सर्वांत कमी जाते. पालेभाज्या, मुळा आणि गाजर मात्र आणलेल्या मातीच्या ग्रो बॅगमध्ये लावा. पावसाळ्यात पालकाच्या पानांच्या मागच्या बाजूला उडालेला चिखल बोटाने पुसून पाहा, म्हणजे कारण कळेल. हा चिखल धुतल्याने जातो. कॅडमियम मात्र थेट पानांच्या आत जाते आणि धुऊन निघत नाही. तुमच्याकडे ते कमी आहे, ही जमेची बाजू. चुन्याने सामू ६.५ च्या वर नेला की दोन्ही धातूंचे शोषण आणखी घटेल.

मोहरीचा नाद सोडा. रसायन घातल्याशिवाय ती शिसे नगण्यच उचलते, आणि रसायन घातले की सुटे झालेले शिसे भूजलात उतरण्याची भीती असते. शिवाय त्या मोहरीचा पाला कोणीतरी भाजीला नेईल, ते वेगळेच.

कंपोस्टचा तपासणी अहवाल मागितल्याशिवाय ते घेऊ नका. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत शिसे चालते, म्हणजे नियमात बसणारे खतसुद्धा तुमच्या मधल्या मातीपेक्षा वाईट असू शकते.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. भिंतीवर अजून बराच जुना रंग शिल्लक आहे. तो आधी काढून मग जिओटेक्स्टाइल अंथरावे का?

प्रतिसाद:

होय, आधी भिंत. पण कोरडी घासू नका, सँडिंग मशीन तर मुळीच नको. खाली प्लास्टिक अंथरा, पाणी मारत खरवडा आणि ते काम चालू असेपर्यंत मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.