गॅसचा वास आला, तेव्हा पहिल्या मिनिटात काय केलंत?

घरात गॅस गळतीचा प्रसंग तुमच्यावर आला असेल, तर तो इथे सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती. काय करावं आणि काय करू नये याचे तक्ते सगळीकडे मिळतात. पण वास आल्यावर कुणी तक्ता शोधत बसत नाही. हात सवयीने चालतो. अंधार असेल तर दिव्याच्या बटणाकडे जातो, कोंदट वाटलं तर एक्झॉस्टच्या. नेमकं तेच जिवावर बेतू शकतं. म्हणून मला त्या पहिल्या मिनिटाबद्दल वाचायचंय: हात कुठे निघाला, कोणी थांबवलं, आधी काय बंद केलं, घराबाहेर कसे पडलात. सिलिंडर असो वा पाइपचा गॅस, दोन्हींबद्दल लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या सासूबाई सगळ्यांच्या आधी उठतात. एका पहाटे त्यांनी मला हलवून जागं केलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "दिवा लावू नकोस गं, गॅसचा वास येतोय." तोवर त्यांनी अंधारातच चाचपडत रेग्युलेटरचा खटका बंद केला होता आणि मागचं दार सताड उघडलं होतं. फ्रिज चालू होता, तो चालूच राहू दिला. मुलांना उचलून आम्ही अनवाणी खाली आलो. आमचा मेन स्विच घराबाहेर, जिन्यात आहे आणि तिथे वास नव्हता, म्हणून जाता जाता तो पाडला. स्वयंपाकघरात असता तर त्याला हात लावला नसता. फोन केला तो अंगणात आल्यावर. नंतर कळलं, शेगडीमागे नळी उंदराने कुरतडली होती.

त्यांचं ते एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आधी "गॅस गळतोय" म्हणाल्या असत्या, तर बहुतेक मी बटण दाबूनच "कुठे?" विचारलं असतं.

शेगडी दुरुस्तीचं काम करणारा

गळती शोधायला बोलावतात तेव्हा मी आधी तीन जागा बघतो: सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधलं रबरी वॉशर, रेग्युलेटरची बैठक आणि नळीची दोन्ही टोकं. खिडक्या उघडून वास पूर्ण गेल्यावरच काम सुरू करायचं. साबणाचा दाट फेस बोटाने लावायचा. गळत असेल तिथे बुडबुडे फुगत राहतात. काडी ओढून तपासणारी माणसं मला आजही भेटतात. एका घरी आजोबा हातात काडेपेटी घेऊनच उभे होते. मी म्हटलं, "बाबा, ती आधी बाहेर ठेवून या, मग बोलू."

रेग्युलेटर काढल्यावरही व्हॉल्व्हमधून फुसफुस ऐकू येत असेल, तर सिलिंडरबरोबर आलेली प्लॅस्टिकची टोपी घट्ट बसवा. ती दोरीने सिलिंडरलाच बांधलेली असते, कापून फेकू नका. गळणारा सिलिंडर आडवा तर कधीच करू नका. उभ्या सिलिंडरमधून वायू येतो, आडव्यातून द्रव येतो. एक लिटर द्रवाचा अंदाजे अडीचशे लिटर वायू होतो. शिवाय तो द्रव इतका थंड असतो की हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. पांढरं धुकं दिसलं तर हात घालू नका, लांब व्हा.

रसायनशास्त्राची शिक्षिका

मुलांना मी आधी हे सांगते, की गॅसला स्वतःचा वास नसतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. तो सडका, उग्र वास इथाइल मरकॅप्टन नावाच्या गंधकाच्या संयुगाचा. ते किंचितच मिसळतात, पण स्फोट होण्याइतका गॅस साठण्याच्या बऱ्याच आधी, त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच वास यावा, असा हिशेब असतो.

18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत सुमारे 300 मुलं आणि शिक्षक स्फोटात गेले. इमारतीखाली नैसर्गिक वायू साठत होता आणि वास नसल्याने कुणाला पत्ताच लागला नाही. कार्यशाळेतल्या विजेच्या यंत्राची ठिणगी निमित्त ठरली, असं मानतात. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने सक्तीचं झालं. त्या मुलांचा विचार मनात आला की वर्गात मला क्षणभर थांबावं लागतं.

आणखी एक. नाक वासाला लवकर सरावतं. "आता वास कमी झाला" असं आत उभं राहून ठरवू नका. बाहेरून आलेल्या माणसाचं नाक खरं.

पाइपचा गॅस असलेल्या इमारतीतून

वास आमच्या घरात नव्हता, जिन्यात होता. शेजारच्या काकू एकट्या राहतात. माझा मुलगा त्यांच्या बेलकडे धावला, तेव्हा त्याच्या बाबांनी मनगट धरून त्याला मागे ओढलं. बेलच्या बटणातही ठिणगी पडते. दार हाताने बडवलं, हाका मारल्या. काकूंनी दार उघडलं तर शेगडीवर उतू जाऊन आच विझलेली आणि गॅस सुरूच. ह्यांनी शेगडीचं बटण आणि भिंतीवरचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद केले. पाइपच्या व्हॉल्व्हची दांडी पाइपला आडवी असली की गॅस बंद. ही खूण घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. आम्ही सगळ्यांना जिन्याने खाली नेलं, लिफ्टला हात लावला नाही.

नवीन शेगडी घेताना आच विझली की आपोआप गॅस बंद करणारी घ्या, विशेषतः घरात वयस्क माणसं असतील तर.

अग्निशमन दलात नोकरी केलेला

बटण चालू करू नका, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बंद करतानाही ठिणगी पडते, हे निसटतं. जे चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद. चार्जरला लावलेला फोनसुद्धा ओढून काढू नका.

गॅस पेटलेला असेल तर गोष्ट वेगळी. खटका सुरक्षितपणे बंद करता येत असेल तरच बंद करा. तो बंद करता येत नसताना नुसती ज्योत विझवली, तर गॅस गळतच राहतो, खोलीभर साठतो आणि पुढचा भडका कितीतरी मोठा होतो. अशा वेळी सगळ्यांना बाहेर काढा, दार लोटून घ्या आणि बंब बोलवा. सामान, कागदपत्रं, दागिने यासाठी परत आत गेलेल्यांना मी बाहेर आणलंय. सगळ्यांना जिवंत नाही. कृपा करून परत जाऊ नका.

ही चर्चा सुरू करणारी

एकींनी मला विचारलंय, की गॅस बाहेर घालवायला पंखा लावावा का? नाही. पंखा, एक्झॉस्ट, चिमणी, काहीच नाही. दारं-खिडक्या उघडणं एवढंच, तेही बाहेरच्या वाटेवर पटकन जमत असेल तर. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड-दोन पट जड. तो जमिनीलगत पसरतो, मोरीत आणि तळघरात उतरतो, म्हणून दार खिडकीपेक्षा जास्त कामी येतं. पाइपचा नैसर्गिक वायू हवेहून हलका, तो छताकडे जातो.

वास घेता न येणारी

एका आजारपणानंतर माझी वास घेण्याची शक्ती गेली. लोकांना ती छोटी गोष्ट वाटते, पण एकटीने स्वयंपाकघरात उभं राहताना मला फार भीती वाटायची. आता रोज झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करते आणि गळती ओळखणारा भोंगा बसवलाय. बसवणाऱ्याने तो आधी छताजवळ लावला होता. माझ्याकडे सिलिंडर आहे, म्हणून मी तो जमिनीपासून वीतभर उंचीवर आणायला लावला. पाइपचा गॅस असता तर छताजवळचीच जागा बरोबर होती.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल त्यांच्यासाठी: अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माझा भोंगा तो वायू ओळखत नाही, त्याचं यंत्र वेगळं मिळतं. माझ्या बहिणीकडे तसा गिझर आहे. तिला ते यंत्र मी घेऊन दिलंय आणि गिझर न्हाणीघराबाहेर काढायला लावलाय.