मदत हवी आहे: हळदीचा पिवळा रंग परत नीट का येत नाही?

नववीच्या पोरांना दोन्ही दिशांनी होणारी अभिक्रिया दाखवायची आहे. वसमतची हळद स्पिरिटमध्ये भिजवून गाळली. धुण्याचा सोडा टाकला की कुंकवासारखी लाल, लिंबू पिळलं की परत पिवळीधमक. सोडा हायड्रोजन आयन ओढून घेतो, लिंबू ते परत देतं, तसा समतोल सरकतो. इथवर पोरं अगदी गुंग!

पण लाल पाणी पंधरा-वीस मिनिटं तसंच राहिलं, की नंतरचा पिवळा फिकाच. थेंबाथेंबानेच टाकतो, म्हणजे पातळ झालं असंही नाही. बोअरचं पाणी जड, म्हणून बॅटरीचं पाणी घेऊन पाहिलं, हळदही बदलली, तेच. शाळेत पीएच मीटर नाही, आणि असाच रंग बदलणारं दुसरं रसायन, क्रोमेट, विषारी; ते पोरांच्या हातात देणार नाही.

सोड्यात कर्क्युमिनच (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) तुटतं का? तसं असेल तर सोड्याऐवजी काय वापरू, म्हणजे रंग तासभर मागेपुढे होत राहील?