फोर बाय फोर लागते ती पहिल्या दहा फुटांना
"ट्रेलर ओढायचा तर फोर बाय फोरच (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) घ्या" हे मत मला निम्मंच पटतं. डांबरी रस्त्यावर किती वजन ओढता येईल हे इंजिन, गिअर, चेसिस आणि ब्रेकवर ठरतं. पुढच्या चाकांना ताकद मिळाली म्हणून ते वाढत नाही. उलट ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) आणि पुढच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीचं) वजन गाडी कायम वागवत असते. आणि खंबाटकी घाट उतरताना कामाला येतो तो खालचा गिअर आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक.

खरा फरक मी पानशेत धरणावर पाहिला. मे महिना, पाणी पार खाली गेलेलं, होडीचा ट्रेलर बाहेर काढायचा होता. गाडीची मागची चाकं काठच्या गाळात, पुढची कोरड्या मुरमावर. मित्राच्या टू व्हील ड्राइव्हची (फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीची) चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि बघता बघता गाडी एक्सलपर्यंत रुतली. तिला बाजूला काढून माझी फोर बाय फोर जोडली, लो रेंजला (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरला) टाकली. पुढच्या चाकांनी मुरूम धरला आणि ट्रेलर सावकाश वर आला. तुमचा ट्रेलर शेतातून किंवा धरणाच्या काठावरून हलणार नसेल, तर फोर बाय फोरचे जादा पैसे चांगल्या टायरवर आणि ट्रेलरच्या ब्रेकवर घाला.