मदत हवी आहे: पिकअपच्या हीटरमधून गार वाराच येतोय

नमस्कार मंडळी. माझी डिझेल पिकअप आहे. बेळगावातनं भाजी भरून पहाटे जांबोटी, कणकुंबीवरनं चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो. थंडीत कणकुंबीच्या पुढं धुकं असं की समोरचा टेम्पो दिसत नाही, त्यात काचेवर आतनं वाफ धरते. हीटर लावला की ब्लोअर जोरात फिरतो, पण वारा गारच! एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, असं चाललंय.

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून बघितलं, कूलंट काठोकाठ आहे. टेंपरेचरचा काटा मधोमध येतो, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला नसावा. गाडी तापल्यावर हीटरचे दोन्ही पाइप चाचपले: एक चटका देतो, दुसरा नुसता कोमट. गोम इथंच वाटते. हीटरचा कोअर (डॅशबोर्डमागची छोटी जाळी, जिच्यातनं गरम कूलंट फिरून वारा तापतो) गाळानं तुंबला, की त्याच्याकडं कूलंट सोडणारा पाण्याचा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही? नॉब फिरवला की केबल हलते, व्हॉल्व्ह हलतो का ते दिसत नाही. मागं दोन उन्हाळे कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलं होतं, ती चूक माझीच.

मेस्त्री म्हणतात, डॅशबोर्ड उतरवून कोअरच बदलू. दोन दिवस गाडी उभी राहिली तर गिऱ्हाईक तुटतं की हो! त्याआधी पाइप काढून उलट्या बाजूनं पाणी सोडलं तर कोअर मोकळा होतो का? कुणी केलंय? आणि परत कूलंट भरताना हवा अडकू नये म्हणून काय करता?