तुमच्या ओळखीच्या इराण्यांना कसं राज्य हवंय? (अनुभव धागा)

इराणचा विषय निघाला की गाडी अणुबॉम्ब, तेल आणि अमेरिका यांच्यापुढे सरकत नाही. तिथल्या माणसांना स्वतःला कसं सरकार हवंय, हे फारसं कोणी विचारत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पुण्यात वर्षानुवर्षं इराणी मुलं शिकायला येतात. आपलीही माणसं कामाला, यात्रेला तिकडे जाऊन आली आहेत. थेट ऐकलेलं, पाहिलेलं लिहा. फक्त ओळख पटेल असं काही नको, तिकडे घरच्यांना त्रास होतो.

सुरुवात मी करते. २००९ साली आमच्या वरच्या मजल्यावर दोन इराणी मुली भाड्याने राहायच्या. १२ जूनच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी मुंबईच्या वकिलातीत जाऊन मत दिलं. आल्या आल्या एकीने मला आपली जन्मदाखल्याची पुस्तिका उघडून दाखवली. मत दिलं की तेव्हा तिकडे तिच्या मागच्या पानावर शिक्का मारायचे. कोरं पान, त्यावर तो पहिलाच शिक्का. त्यावर बोट ठेवून ती ‘मूसवी, मूसवी’ म्हणत होती, म्हणजे तिचा उमेदवार. दुसऱ्या दिवशी आधीचेच अध्यक्ष अहमदीनेजाद सुमारे ६३ टक्के मतांनी निवडून आल्याचं जाहीर झालं. १५ जूनला तेहरानमध्ये लाखो लोक आझादी चौकाकडे निघाले, बहुतेक जण मूकपणे, हातात ‘माझं मत कुठे आहे?’ असे फलक. या दोघी रात्र रात्र लॅपटॉपसमोर, गर्दीत कोणी ओळखीचं दिसतंय का ते बघत. सरकार उलथवा असं त्या तेव्हा म्हणत नव्हत्या. मतं खरी मोजा, एवढंच मागणं होतं. मूसवी तर त्याच व्यवस्थेत १९८१ ते १९८९ पंतप्रधान होते! त्यांनाही फेब्रुवारी २०११ मध्ये नजरकैदेत टाकलं.

मुंबईहून, इराणी हॉटेलवाल्यांच्या घरातून: आमचे पणजोबा यज्दहून आले, आम्ही झरथुष्ट्री. लोकशाही हे तिकडे पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. १९०६ साली व्यापारी, मौलवी, कारागीर अशा सगळ्यांनी मिळून शहाकडून, म्हणजे राजाकडून, संविधान आणि मजलिस (संसद) मिळवली. पहिल्या मजलिसमध्ये आमच्या समाजाचे अरबाब जमशीद होते, आणि आजही आमची एक जागा राखीव आहे. पंतप्रधान मोसद्देग यांचं नाव निघालं की आजोबांचा आवाज चढायचा. ब्रिटन आणि अमेरिकेने १९५३ मध्ये त्यांचं सरकार पाडलं, ते घरात कोणी विसरलं नाही.

इस्फहानला फिरून आलेला: मे २०१७, अध्यक्षीय निवडणूक. सुधारणावाद्यांचा पाठिंबा असलेल्या रूहानींच्या प्रचाराचा जांभळा रंग सगळीकडे, मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावर तरुण पोरंपोरी. मतदान ७० टक्क्यांच्या वर गेलं.

जियारतहून परतलेली, मुंबई: एक बाजू राहतेय. मी शिया आहे, मशहदच्या तीर्थाला जाऊन आले. ज्या बाईंकडे उतरले होते त्या पाच वेळा नमाज पढणाऱ्या, चादरीशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या. महसा अमिनीचा विषय त्यांनीच काढला. सप्टेंबर २०२२ मध्ये साक्केझची ही बावीस वर्षांची मुलगी, हिजाबच्या नियमावरून पकडलेली, तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. बाई म्हणाल्या, ‘माझी चादर माझ्या आणि अल्लाच्या मधली गोष्ट आहे. माझ्या लेकीच्या डोक्यावर पोलिसाने ती का घालावी?’ शेजारच्या घरात मात्र सरकारचे कट्टर समर्थक होते, हेही सांगितलं पाहिजे.

बर्लिनहून: महसासाठी इथे निघालेला २२ ऑक्टोबर २०२२ चा मोर्चा मी इराणी सहकारिणीसोबत पाहिला. पोलिसांच्या हिशेबाने ऐंशी हजार माणसं. ‘जन, जेंदेगी, आझादी’ (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) ही घोषणा सगळ्यांच्या तोंडी, पण झेंडे मात्र वेगवेगळे. सिंह-सूर्याचा झेंडा घेतलेले १९७९ मध्ये सत्ता गेलेल्या शहाच्या मुलाला मानणारे, पलीकडे कुर्दी झेंडे, मध्ये प्रजासत्ताकवाले. माझ्यादेखत दोन काका हमरीतुमरीवर आले. सहकारिणी मला म्हणाली, ‘भांडू देत. असं भांडायला जागा मिळावी म्हणूनच तर आलोय.’ पुढे काय हवं यावर त्यांचं एकमत नाही, पण ते मतपेटीने ठरावं यावर आहे. सहकारिणी २०१७ पर्यंत सुधारणावाद्यांना, म्हणजे व्यवस्थेत राहून बदल करू पाहणाऱ्यांना, मत द्यायची. त्या डिसेंबरात रस्त्यावर घोषणा आली, ‘सुधारणावादी, कट्टरपंथी, तुमचा खेळ संपला.’ तिचंही तेव्हाच ठरलं.

बोटीवरचा, रत्नागिरी: २०२४ च्या उन्हाळ्यात बंदर अब्बासला होतो. एका दुकानदाराला विचारलं, मत कोणाला? म्हणाला, ‘यादी त्यांची, निवड त्यांची, मग मी कशाला?’ २८ जूनच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत मतदान जेमतेम ४० टक्के.

बर्लिनहून, पुन्हा: यादी म्हणजे कोणाला उभं राहू द्यायचं ते ठरवणाऱ्या पालक मंडळाची. बारा सदस्य, त्यातले सहा सर्वोच्च नेत्याने नेमलेले. २०२१ मध्ये ५९२ अर्ज आले होते, मान्य झाले सात. मतदान का घसरलं, त्याचं मोठं कारण माझ्या मते हेच.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. २०२४ च्या दुसऱ्या फेरीत निवडून आलेल्या पेझेश्कियान यांना दीड कोटीच्या वर मतं पडली. इतकं होऊनही मत द्यायला गेलेल्यांपैकी कोणाशी तुमचं बोलणं झालं असेल तर जरूर लिहा, ती बाजू इथे अजून आलेली नाही.